नाव वेळेवर वर घ्यावी

वारकरी मायबापहो, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून श्रीतुकोबारायांची पालखी निघते आणि अष्टमीला आळंदीहून श्रीज्ञानोबामाउलींची. घाटावरच्या गावागावांत त्याच्या आधी महिनाभर गडबड असते. पताका धुवायच्या, पखवाजाच्या वाद्या ओढून घ्यायच्या, वीणेच्या तारा पाहायच्या, आपल्यामागे पेरणी कोण बघणार ते ठरवायचे. साधारण याच दिवसांत सह्याद्रीच्या पलीकडे, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्यावरच्या लोकांची दुसरीच गडबड चाललेली असते. ते आपल्या होड्या पाण्यातून वर ओढीत असतात. घाटावरचा माणूस घराबाहेर पडतो आणि दर्यावरचा माणूस घरी येतो. वरवर पाहिले तर दोघांच्या वाटा उलट्या. पण विचार केला म्हणजे असे दिसते की दोघे एकच काम करीत आहेत. ते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, विसाव्या अध्यायात, भगवंत उद्धवाला नरदेहाचे वर्म सांगतात. हा देह म्हणजे एक चांगली बांधलेली नाव आहे, सद्‌गुरू हा तिचा कर्णधार आहे, आणि मी स्वतः अनुकूल वारा होऊन तिला ढकलतो. इतके असूनही जो भवसागर तरत नाही तो आपलाच घात करून घेतो, असा तिथला अभिप्राय आहे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि ती शके 1495 मध्ये, म्हणजे इ. स. 1573 साली, काशीक्षेत्री पूर्ण केली. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे कान, तसेच नावेचे सुकाणू. सुकाणू धरतो तो कर्णधार. तेव्हा नाव झाली, सुकाणू धरणारा झाला, वाराही झाला. आता राहिले काय? राहिली एक गोष्ट, आणि ती पोथीपेक्षा किनाऱ्यावर लवकर कळते. नाव बारा महिने पाण्यात ठेवायची नसते. तिला वर्षातून एकदा बाहेर काढावी लागते.

घाटावरच्या मंडळींना हे नवल वाटेल. नाव पाण्यासाठीच केली, मग ती पाण्याबाहेर काढावयाची कशाला? म्हणून आधी वाऱ्याची गोष्ट ऐका. शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. समोरून वारा असला तर कधी डावे अंग, कधी उजवे अंग वाऱ्याला देत नागमोडी जावे लागते. परमेश्वराची कृपा अशी की दसरा-दिवाळीपासून वैशाखापर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर दोन वारे आळीपाळीने वाहतात. रात्री जमीन निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून दर्याकडे वारा सुटतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारी जमीन तापते, म्हणून दर्याकडून जमिनीकडे वारा येतो. तो खारा वारा. जुन्या काळचा तांडेल पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडे आणि तिसऱ्या प्रहरी खाऱ्या वाऱ्यावर घरी येई. जाण्याला एक वारा, येण्याला दुसरा. यापेक्षा सोय ती काय असावी?

पण ज्येष्ठ लागला की ही सोय संपते. नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस दर्याकडून जमिनीकडे वाहू लागतो. मतलई नाहीशी होते. आता आत असलेल्या नावेला बाहेर पडता येत नाही, आणि बाहेर असलेली नाव खडकांकडे लोटली जाते. खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. एरवी त्यांवरून नाव अलगद आत येते, पण पावसाळ्यात तिथेच लाटा फुटतात, आणि घराचा उंबरा दिसत असता नाव उलटते. ऐन आषाढाचा दर्या काय करतो हे महाराष्ट्राने 17 जुलै 1947 रोजी पाहिले. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट त्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती तर यंत्रावर चालणारी मोठी आगबोट होती; शिडाच्या होडीचा काय पाड!

म्हणून नाव वर घेण्याची पहिली गोष्ट म्हणजे वेळ. मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागते. पण मृग लागल्यावर होडी ओढू म्हणणारा माणूस होडी गमावतो. पाऊस पंचांग वाचून येत नाही. 2020 साली निसर्ग चक्रीवादळ 3 जूनलाच रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनच्या परिसरात धडकले. मृगाला अजून चार-पाच दिवस होते. दुसऱ्या वर्षी, 2021 साली, तौक्ते वादळ तर वैशाखातच कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले. शहाणा तांडेल म्हणून दर्या शांत असतानाच होडी वर घेतो. इ. स. 1715 च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. त्यात आरमाराच्या प्रकरणी हीच ताकीद आहे की पावसाळा लागण्याच्या काही दिवस आधीच जहाजे सुरक्षित बंदरी छावणीला न्यावीत. ज्यांच्या हाती तोफा होत्या तेही वाऱ्याशी पैज लावीत नव्हते.

बरे, मग नावा बुडतात कशाने? अज्ञानाने फारशा नाही. किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असते की आता दर्या बिघडणार. नाव बुडते ती ‘आणखी एक खेप’ या चार पिढ्यांच्या रोगाने. हंगामाच्या शेवटी मासळीला भाव चढतो. शेजाऱ्याची होडी वर गेली, आता दर्यात आपणच. मग आणखी एक खेप मारू, तेवढे कर्ज फिटेल, तेवढे पोरीच्या लग्नाचे होईल. मागणे खोटे नाही. कर्जही खरे आहे, पोरगीही खरी आहे. पण वारा त्याच्याशी बांधलेला नाही.

श्रोतेहो, आता दर्यावरून घरात या. माझी साठी उलटली आहे, आणि गावोगावी कीर्तनाला जाताना माझ्याच वयाची माणसे मला भेटतात. मुलगा चाळिशीला आला तरी बाजाराचा हिशेब याच्याच हातात. सुनेचे केस पांढरे होऊ लागले तरी कोठीची किल्ली सासूच्याच कमरेला. विचारावे, “आबा, वारीला येता का यंदा?” तर म्हणतात, “एवढी विहीर बांधून झाली की येतो बघा.” विहीर होते, मग पाइपलाइन राहते. पाइपलाइन होते, मग नातवाची नोकरी राहते. हीच ती आणखी एक खेप. डोळ्यांत पाणी, गुडघ्यांत कळ, कानाला कमी ऐकू येणे, हे सारे नैर्ऋत्येचे वारे आहेत. तरुणपणी मतलईही होती आणि खारा वाराही होता. बाहेर जाऊन परत येता येत होते. आता वारा एकाच दिशेने वाहतो आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितलेच आहे की भटकणाऱ्या इंद्रियांमागे मन लागले म्हणजे ते बुद्धीला असे ओढून नेते, जसा वारा पाण्यातली नाव ओढून नेतो. हा श्लोक आपण शंभरदा ऐकतो. पण ओढून नेल्यावर सोडतो कुठे, हे किनाऱ्यावरचा माणूस जाणतो. खडकावर सोडतो.

दुसरी गोष्ट हातांची. नाव एकट्याने वर येत नाही. आधी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाची भरती पाहतात. ही भरती सर्वांत वर चढते, म्हणून त्या पाण्याबरोबर होडी जमेल तितकी किनाऱ्याला आणून ठेवतात, आणि ओहोटीची वाट पाहतात. मग ती हलकी करतात. शीड उतरवतात, दोर, नांगर, वल्ही काढतात, डोलकाठी उतरवतात, आणि तोल राखण्यासाठी तळाला घातलेले दगडसुद्धा काढून टाकतात. इकडे लक्ष द्या. जे दगड दर्यात नावेला स्थिर ठेवतात तेच जमिनीवर तिला ओढू देत नाहीत. संसारात प्रतिष्ठा, अधिकार, ‘मी घरचा कर्ता’ हा भाव, यांनी माणसाचा तोल राहतो हे खरे. पण वर यायचे म्हटले की ते दगड उतरवलेच पाहिजेत. वारीला निघालेला पाटील आणि त्याच्या शेतावरचा गडी दोघांच्या खांद्यावर एकेक वळकटी असते, ती याचसाठी.

होडी हलकी झाली की तिच्या खाली लाकडाचे ओंडके घालतात, त्यांना तेल लावतात, दोर बांधतात, आणि मग सारा गाव दोराला लागतो. एक जण हाक देतो, बाकीचे जबाब देतात, आणि त्या जबाबाबरोबर सगळ्यांचा जोर एका क्षणी पडतो. वीस माणसांनी आपापल्या सवडीने ओढले तर होडी तसूभर हलत नाही. तेच वीस एका तालात ओढू लागले की ती वाळूवरून चालू लागते. टाळाचे काम काय, असे कोणी विचारले तर मी हेच दाखवीन. दिंडीत चोपदाराने काठी उंचावली की सारे स्तब्ध, आणि पखवाजावर थाप पडली की हजार पाय एकदम उचलतात. वीस मैल चालून दमलेली म्हातारी पुढचा मैल कुणाच्या बळावर चालते? स्वतःच्या नव्हे. दोराला हात दुसऱ्यांचेही असतात.

एके वर्षी वैशाखात कोकणातल्या एका गावी कीर्तनाला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर हीच ओढाओढ चाललेली. एका म्हाताऱ्या तांडेलाशी बोलत उभा होतो. एक होडी वर आली, माणसे लगेच दुसरीकडे गेली. त्या होडीपाशी एकच बाई उभी होती, बारा-तेरा वर्षांचा मुलगा हाताशी धरून.

मी विचारले, “तांडेल, या घरचा गडीमाणूस दिसत नाही?”

ते म्हणाले, “नाही बुवा. दोन वर्षे झाली त्याला जाऊन.”

“मग होडी चालवते कोण?”

“तिचा भाऊ चालवतो. तो कामाला गेलाय मुंबईस, दोन दिवसांनी येईल.”

“मग दोन दिवस थांबले नाहीत?”

तांडेल माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, “बुवा, उधाण थांबेल का दोन दिवस? ज्याच्या घरी ओढणारा नाही त्याची होडी आम्ही आधी घेतो. मागाहून सगळे दमतात, आणि दमलेला माणूस दुसऱ्याची होडी ओढीत नाही.”

मायबापहो, संघटन, सहकार, समाजसेवा यांवर आपण पुष्कळ व्याख्याने ऐकतो. या एका वाक्यात मला सगळे मिळाले. दिंडीत आपल्या जवळच चालणारी एखादी निराधार बाई असते, एखादा आंधळा वारकरी असतो. त्यांना मुक्कामावर जागा, पंगतीत पान, शेवटी उरले तर द्यावे अशी रीत पडली असेल, तर ती मोडावी. त्यांची होडी आधी.

तिसरी गोष्ट तळाची, आणि हीच मुख्य. होडी वर आली, दोन्ही अंगांना लाकडांचे टेकू दिले, आणि आता वर्षभर कुणाला न दिसलेला तिचा तळ दिसू लागला. तोच तांडेल मला म्हणाला, “होडीचं वरचं अंग आम्ही रोज बघतो बुवा. रंग देतो, हार घालतो, नाव लिहितो. खालचं अंग वर्षातून एकदाच बघायला मिळतं.” पाहतो तो तळाला शेवाळ, शिंपले, आणि खरबरीत पांढऱ्या कवचाचे चिकट जीव दाट बसलेले. त्यांच्या भाराने आणि खरबरीतपणाने नावेची चाल मंदावते. वारा तोच, शीड तेच, पण नाव पूर्वीसारखी जात नाही. नामस्मरण तेच, टाळ तोच, पण पूर्वीचा प्रेमा येत नाही, अशी तक्रार जुने वारकरी माझ्याकडे करतात. त्यांना मी सांगतो की शिडाकडे काय पाहता, तळ पाहा.

हे जीव होडी वर येताच, ओले असतानाच खरवडून काढावे लागतात. उन्हाने वाळले की दगडासारखे घट्ट होतात. मनात आलेला राग, शेजाऱ्याविषयीचा आकस, भावाशी बांधाचे भांडण, यांनाही हाच नियम लागू आहे. पहिल्याच मुक्कामाला, मन अजून ओले आहे तोवर, भावाला निरोप धाडावा की चुकले-माकले पोटात घाल. पंढरपुरी गेल्यावर पाहू म्हटले की ते वाळते.

पण खरवडून निघते ते बरे म्हणायचे. न निघणारा एक शत्रू आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला किडा म्हणतात, पण वस्तुतः तो शिंपल्याच्या जातीचा आहे. तो लहान असताना टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून फळीत शिरतो, आणि मग आतच वाढतो, आतच बोगदा करतो, त्या बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा देतो. फळीचा वरचा पृष्ठभाग तो फोडीत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला फळी धडधाकट. आत चाळण झालेली. 1503 साली कोलंबस आपल्या चौथ्या सफरीत याच जिवाने हतबल झाला. जहाजांचे तळ पोखरले जाऊन पाणी उपसता उपसेना, तेव्हा उरलेली दोन जहाजे त्याला जमेका बेटाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली, आणि सुटका होईपर्यंत वर्षभर तिथेच अडकून पडावे लागले. वादळाने जे केले नाही ते टाचणीएवढ्या भोकाने केले.

याचा आणखी एक गुण ऐका, म्हणजे सगळा उलगडा होईल. नाव पाण्याबाहेर काढली की हा जीव लगेच मरत नाही. त्याच्या शेपटाशी दोन लहान झडपा असतात. पाणी गेले की तो त्या झडपांनी आपले दार आतून लावून घेतो आणि साठवलेल्या ओलाव्यावर काही आठवडे जिवंत राहतो. दोन-चार दिवस होडी वर घेतली, तळ पुसला आणि परत पाण्यात लोटली, तर तो दार उघडतो आणि पुन्हा पोखरू लागतो. लाकूड पुरते सुकेपर्यंत होडी वर राहिली, तरच तो जातो.

आता सांगा, आपला अनुभव याहून वेगळा आहे का? वारीच्या अठरा-वीस दिवसांत कुणाला दारू आठवत नाही, खोटे बोलावेसे वाटत नाही, बायकोवर हात उगारावासा वाटत नाही. माणसाला वाटते की सुटलो. सुटला नाही, बाबा. आतल्याने दार लावून घेतले आहे. तो वाट पाहतो आहे. पौर्णिमेचा काला झाला, माणूस गावी आला, पारावर जुनी मंडळी भेटली, की दार उघडलेच. मग लोक वारीला नावे ठेवतात की इतक्या वाऱ्या करून हा तसाच. दोष वारीचा नव्हे. नाव वर आली हे वारीने केले. ती सुकू दिली नाही हा आपला दोष.

म्हणून आपल्या शास्त्रकारांनी आणि संतांनी आषाढी एकादशीला वारीची पूर्तता केली, पण तिथेच सोडले नाही. त्याच शयनी एकादशीपासून कार्तिकी प्रबोधिनीपर्यंत चातुर्मास लावून दिला. आठवड्यांचे काम नव्हे, महिन्यांचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. चातुर्मासात एखादा नेम धरतात, हरिपाठ चुकवीत नाहीत, पोथी लावतात, खाण्यातले काही सोडतात. कोणी म्हणतो, देव झोपला तर आपण जागे राहून काय करायचे? मी म्हणतो, होडी किनाऱ्यावर निजलेली दिसते, पण काम तेव्हाच होते. फळ्यांच्या सांधीतला कुजका कापूस काढून नवा भरतात, भोके बुजवतात, तळाला चुना-चरबीचा लेप किंवा डांबर देतात, फाटलेले शीड घरात बसून शिवतात, जाळी विणतात. सुतार फळीवर हातोडीने ठोकून पाहतो. धड फळीचा आवाज वेगळा, पोकळ फळीचा वेगळा. रात्री दिवा मालवल्यावर आपणही आपल्या छातीवर असेच ठोकून पाहावे. लोक मला माळकरी म्हणतात. आवाज भरीव येतो का पोकळ?

मग होडी शाकारतात. बांबूचा सांगाडा करून वर माडाच्या झावळ्यांचे झाप घालतात, म्हणजे पाऊस आत येत नाही. पण चारी बाजूंनी कोंडून टाकीत नाहीत. वारा खेळता ठेवतात, नाही तर लाकूड कुजते. आणि तळाचे बूच काढून ठेवतात, की चुकून पाणी आत आलेच तर निघून जावे. किती बारीक विचार! नेम इतका कडक करू नये की घरच्यांना श्वास घेता येणार नाही. तुमचा उपास असेल, पण सुनेवर दहा फराळाच्या जिनसांचा भार घालू नका. आणि मनात वाईट विचार आलाच तर तो बाहेर जायला एक वाट ठेवा. एखादा ज्येष्ठ वारकरी, एखादा फडकरी, घरातले एखादे वडील माणूस असावे, ज्यापाशी बोलून मोकळे होता येईल. बूच घट्ट लावून बसलेली होडी पावसाने भरते आणि जमिनीवरच कुजते.

आता एक शंका उरते. तुम्ही म्हणाल, “महाराज, एवढे वर येणे चांगले, तर कायमचेच वर राहावे. पुन्हा पाण्यात जाताच कशाला?” याचेही उत्तर लाकूडच देते. लाकडाची होडी फार दिवस कोरडी राहिली तर फळ्या आक्रसतात आणि सांधी उघड्या पडतात. अशी होडी पाण्यात घातली की पहिल्या दिवशी गळते. पण घाबरायचे नसते. लाकूड पाणी पिते, फुगते, आणि बारीक सांधी आपोआप मिटतात. म्हणजे पाण्यानेच नाव धरते. ज्या पाण्याने तिला पोखरले, तेच तिला घट्ट करते. मात्र मधे तिला सुकवून, निवडून, नीट केलेली असली पाहिजे. म्हणून श्रावणी पौर्णिमेला, नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. दर्यावर्दी लोकांचे व्रत आपल्याहून आखूड, पण रीत तीच.

आपला संप्रदाय घरदार टाकून वनात जा असे सांगत नाही. सावतामहाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, नरहरी सोनारांनी ऐरण सोडली नाही. वारकरी पंढरीहून परत येतो तो नांगर धरायला, दुकान उघडायला, भाकरी थापायलाच. संसारात पाणी नावेखाली असावे, नावेत नसावे, एवढेच पाहायचे. आणि तळ तपासल्यावाचून ते कळत नाही.

आज काळ पालटला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांना यंत्रे आली; आता फायबरच्या होड्या पुष्कळ झाल्या, आणि शिडाची होडी क्वचित दिसते. मतलईची वाट पाहण्याची गरज उरली नाही. फायबरला तो पोखरणारा जीव लागत नाही हेही खरे. तरी दर वर्षी होड्या वर येतातच, तळ खरवडले जातातच. यंत्राच्या होड्यांना तर 1 जूनपासून सरकारची मासेमारीबंदी असते, कारण तो मासळीच्या विणीचा काळ आहे. म्हणजे नाव वर घेण्यात केवळ नावेचे भले नाही. तेवढे दिवस दर्यालाही उसंत मिळते. आपण चातुर्मासात हाव आवरली की आपल्याभोवतीच्या माणसांनाही थोडी उसंत मिळते. सावकाराने चार महिने तगादा थांबवला, सासूने चार महिने टोमणा थांबवला, तर किती घरे सुखाने निजतील!

तेव्हा मायबापहो, यंदा शक्य असेल त्याने वारीला पायी यावे. ज्याचे गुडघे चालत नाहीत, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने घरूनच नाव वर घ्यावी. विठोबा विटेवर उभा आहे, तो त्याचीही वाट पाहील. पण तीन गोष्टी मनाशी धराव्या. आणखी एका खेपेच्या मोहात पडू नये. आपली ओढण्याआधी ज्याला कोणी नाही त्याची ओढावी. आणि वर आलेली नाव दार लावून बसलेला आतला शत्रू मरेपर्यंत खाली लोटू नये. किल्ल्या मुलाच्या हाती द्याव्या, भावाला निरोप धाडावा, आणि एकादशीपासून जो नेम धरू तो कार्तिकीपर्यंत सोडू नये.

वारा अजून शांत आहे. उधाण जवळ आले आहे. दोराला हात लावा.

रामकृष्ण हरि.